मेडन कॅसल: तट, हाडं आणि एक गाजलेली लढाई

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नावाचा परगणा आहे. तिथल्या डॉर्चेस्टर गावापासून तीनेक किलोमीटरवर, नैर्ऋत्येला, मेडन कॅसल नावाचा किल्ला आहे. किल्ला म्हटलं की मराठी डोळा जे शोधू लागतो, त्यातलं तिथे जवळजवळ काहीच नाही. चिरेबंदी तट नाही, बुरूज नाही, टाकी नाहीत, तोफ तर नाहीच. एका लांबट टेकडीला हिरव्या गवताच्या तीन-चार वळ्या पडलेल्या दिसतात आणि त्यांवर मेंढ्या चरत असतात. या वळ्या माणसांनी पाडलेल्या आहेत. प्रत्येक वळी हा एक तट आहे आणि दोन वळ्यांमधला खोलगट भाग हा खंदक. दोन हजार वर्षं पावसाने झिजून आणि गाळाने भरूनसुद्धा खंदकाच्या तळातून तटाच्या माथ्यावर चढताना चांगली धाप लागते. आतलं मैदान सुमारे १९ हेक्टरचं, म्हणजे ४७ एकरांचं. लोहयुगातल्या ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या किल्ल्यांमध्ये याची गणना होते.

या भागात जमिनीखाली खडू आहे. खडू म्हणजे मऊ, पांढराशुभ्र चुनखडक. वरची थोडी माती उकरली की तो लागतो, आणि हाती लोखंड नसलं तरी हरणाच्या शिंगाने त्याचे ढलपे निघतात. खंदक खोदायचा आणि निघालेला खडू आतल्या बाजूला टाकत जायचा, म्हणजे एकाच कष्टात खड्डाही झाला आणि तटही झाला. आज सगळं हिरवं दिसतं, पण नवा असताना हा तट मैलोन्‌मैल लांबून पांढरा चमकत असणार. त्या काळच्या वाटसरूला किल्ल्याची पहिली ओळख त्या रंगानेच होत असेल.

पण इथली पहिली खोदाई किल्ल्यासाठी झालेली नाही. इसवी सनापूर्वी ३५५०च्या सुमाराला, म्हणजे लोहयुगाच्या तब्बल तीन हजार वर्षं आधी, नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांनी टेकडीच्या पूर्व टोकाभोवती खंदकांची दोन कडी खोदली. हे खंदक सलग नाहीत. थोडं खोदलं, मध्ये जमीन तशीच ठेवली, पुन्हा थोडं खोदलं, असा प्रकार आहे. शत्रूला अडवायचं असेल तर इतक्या वाटा मोकळ्या कोण सोडेल? तुटक खंदकांची अशी रिंगणं दक्षिण इंग्लंडमध्ये बरीच सापडली आहेत आणि त्यांनी अभ्यासकांना पुष्कळ छळलं आहे. आत सापडतात ती गुरांची हाडं, फुटकी भांडी, चकमकीच्या दगडाच्या कुऱ्हाडी घडवताना उडालेल्या कपच्या. मेडन कॅसलवरच्या काही भांड्यांची माती तर कॉर्नवॉलच्या टोकाची, दोनशे किलोमीटरांहून लांबची आहे. म्हणजे दूरदूरची माणसं, निदान त्यांच्या वस्तू, इथवर येत होत्या. आज बहुतेकांचं मत असं की ही वर्षातून काही काळ एकत्र जमण्याची जागा असावी. जनावरं कापायची, जेवणावळी घालायच्या, देवघेव करायची. खोदणं हा त्या जमण्याचाच एक भाग असेल आणि एकेका घराण्याने एकेक तुकडा खोदला असेल, असाही तर्क आहे. मला तो पटतो, कारण मग मधल्या मोकळ्या जागांचा उलगडा होतो.

हे रिंगण फार वर्षं वापरात राहिलं नाही. त्याच्या बुजत आलेल्या खंदकावरून पुढच्या पिढ्यांनी मातीचा एक लांबच लांब उंचवटा ओढला. त्याची लांबी ५४६ मीटर. तो कशासाठी, हे कोडं आहेच. त्यानंतर शतकानुशतकं टेकडी जवळपास सुनी राहिली. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमाराला जुन्या रिंगणाचीच जागा धरून साडेसहा हेक्टरांभोवती सलग तट उभा राहिला आणि दीडेकशे वर्षांनी तो पश्चिमेकडे वाढवून सगळी टेकडी कवेत घेतली गेली. मग तटाबाहेर तट, खंदकाबाहेर खंदक अशी भर पडत गेली. सुरुवातीच्या तटाला लाकडाचा आधार होता. पण लाकूड कुजतं आणि तट कोसळतो, म्हणून नंतरच्या बांधकामात लाकूड सोडून दिलं गेलं. तटाचा उतार आणि खंदकाचा उतार एका रेषेत आणला, तळ निमुळता ठेवला. वर येणाऱ्याला पाय रोवायला जागाच मिळू नये, अशी ही साधी आणि जबर युक्ती.

खरी करामत आहे ती दरवाजांची. पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक प्रवेश आहे आणि दोन्ही ठिकाणी बाहेरचे तट एकमेकांना झाकत, वळसे घेत पुढे येतात. सरळ आत घुसता येत नाही. आपल्याकडच्या गोमुखी दरवाजाची कल्पना ज्याला आहे, त्याला या वळशांचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही. येणारा प्रत्येक वळणावर वरच्या माणसाच्या टप्प्यात येतो. वरच्या माणसाच्या हातात असे गोफण. दक्षिणेला समुद्रकाठी चेसिल बीच नावाचा गोट्यांचा लांबलचक पट्टा आहे. तिथले गुळगुळीत, मुठीत मावणारे गोटे आणून इथे साठवलेले होते. पूर्व दरवाजाजवळच्या एकाच खड्ड्यात असे वीस हजारांवर गोफणगुंडे निघाले.

आत गोल घरं होती. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर. आधी विखुरलेली, नंतर ओळीने, रस्त्याच्या कडेने मांडल्यासारखी. आणि घरांभोवती सगळीकडे खड्डेच खड्डे. माणसापेक्षा खोल, तोंडाशी अरुंद, खडूत कोरलेले. जुन्या अभ्यासकांना वाटे की लोक या खड्ड्यांतच राहत असतील. खरं तर ती धान्याची पेवं आहेत. ज्याने सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं पाहिली असतील, त्याने ती एका नजरेत ओळखली असती. हॅम्पशरमध्ये पीटर रेनल्ड्स यांनी १९७२ साली बटसर इथे लोहयुगीन पद्धतीची प्रायोगिक शेती उभी केली. तिथे अशी पेवं खणून, धान्य भरून, मातीने तोंड लिंपून पाहिली गेली. होतं असं, की कडेचं थोडं धान्य ओलाव्याने अंकुरतं, आतला प्राणवायू खाऊन टाकतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. मग अंकुरणंही थांबतं आणि किडे-बुरशीही. उरलेलं धान्य पुढच्या पेरणीपर्यंत टिकतं. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक असे. कारण तोच वायू.

अशा मूक तटावरून इतकं सगळं कळतं कसं? मुख्यतः खंदकाच्या भरावातून. उघडा पडलेला खडू पहिल्याच हिवाळ्यात गोठून फुटतो आणि त्याचे खडबडीत तुकडे तळाशी पडतात. मग बारीक गाळ बसतो, मग त्यावर गवत धरतं आणि माती तयार होते. या थरांमध्ये जे सापडतं, त्याचा क्रम लागतो. पण कोणता थर किती वर्षांत साठतो? हे मोजायला ब्रिटिश संशोधकांनी १९६० साली विल्टशरमधल्या ओव्हरटन डाउन इथे चक्क एक नवा तट आणि नवा खंदक खोदला. आत चामडं, कापड, हाडं, भांडी पुरून ठेवली आणि ठरवलं की २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ वर्षांनी याला छेद घेऊन बघायचं. पहिल्या काही वर्षांतच खंदकाच्या कडा ढासळल्या, तळ भरला आणि गवताने पकड घेतल्यावर बदल मंदावला. शेवटच्या छेदाचं साल २०८८. ज्यांनी हा प्रयोग आखला, त्यांच्यापैकी कुणीही तो पुरा झालेला पाहणार नव्हता, हे त्यांना आखतानाच माहीत होतं. सरकारी अनुदानाच्या तीन वर्षांच्या चौकटीत विचार करणाऱ्यांना हे वेड वाटेल.

मेडन कॅसल जगभर गाजला तो मात्र पेवांमुळे नाही, एका लढाईमुळे.

१९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर आणि टेसा व्हीलर या नवराबायकोंनी इथे उत्खनन केलं. १९३६मध्ये टेसा अचानक वारल्या आणि काम मॉर्टिमर यांनी पुरं केलं. व्हीलर सैन्यात होते आणि कामालाही त्यांनी लष्करी शिस्त आणली. जमिनीवर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकोन स्वतंत्र खोदायचा, मधल्या भिंती तशाच राखायच्या आणि त्या भिंतींवर थर वाचायचे, ही पद्धत त्यांनी इथे घासूनपुसून घेतली. आणि त्यांना प्रसिद्धीचं अंग होतं. वर्तमानपत्रवाल्यांना बोलवायचं, बघ्यांना हिंडवून दाखवायचं, पोस्टकार्डं विकून खर्चाला हातभार लावायचा. पुरातत्त्व हा लोकांच्या पैशाने चालणारा उद्योग आहे, तर लोकांना त्यात मजा आली पाहिजे, असं त्यांचं साधं गणित होतं. त्यात चूक काढणं अवघड आहे.

पूर्व दरवाजाच्या बाहेर त्यांना दफनं सापडली. काही कवट्यांवर तलवारीचे खोल वार होते. एकाच्या पाठीच्या मणक्यात लोखंडी टोक रुतून बसलेलं होतं. शेजारी राख आणि कोळशाचे थर होते. व्हीलरांनी हे सगळं एका दोऱ्यात ओवलं. इसवी सन ४३मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं. दुसऱ्या लीजनचा सेनापती होता वेस्पेसियन, जो पुढे सम्राट झाला. सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवलंय की त्याने तीस लढाया केल्या आणि वीसहून अधिक तटबंद ठाणी घेतली. नावं मात्र त्याने दिली नाहीत. त्या वीसांतलं एक हेच, असं व्हीलरांनी ठरवलं. मग त्यांनी त्या दिवसाचं वर्णन केलं. रोमन यंत्रांनी बाणांचा भडिमार केला, दरवाजाबाहेरच्या झोपड्या पेटवल्या, धुराच्या आडून सैनिक आत घुसले आणि बायका, म्हातारे न पाहता कत्तल केली. रात्री वाचलेल्यांनी चोरपावलांनी येऊन आपली माणसं घाईघाईने पुरली, आणि त्या घाईतही प्रत्येकाजवळ एखादं भांडं ठेवायला विसरले नाहीत. हा अहवाल छापून आला तो १९४३ साली. लंडनवर बाँब पडून गेले होते आणि समुद्रापलीकडे शत्रू उभा होता. परक्या साम्राज्याशी शेवटपर्यंत लढलेल्या लोकांची ही कहाणी तेव्हाच्या इंग्रज वाचकाच्या काळजाला भिडली नसती तरच नवल. पाठ्यपुस्तकांत ती पुढे कित्येक वर्षं राहिली.

या उत्खननात काम शिकलेल्या विद्यार्थ्यांत मुंबईचा एक तरुण होता, हसमुख धीरजलाल सांकलिया. तो लंडनला पीएच.डी. करायला गेला होता. परतल्यावर १९३९ साली सांकलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाची घडी त्यांनीच बसवली. कोल्हापूरची ब्रह्मपुरी, जोर्वे, नेवासे अशी त्यांची यादी मोठी आहे. व्हीलर स्वतः १९४४मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन इकडे आले आणि तक्षशिलेला त्यांनी प्रशिक्षणाचा वर्ग भरवला. थर वाचण्याची जी शिस्त पुढे देशभर रुळली, तिची मुळं या दोन वाटांनी डॉर्सेटच्या खडूत पोचतात.

पण शिस्तीबरोबर गोष्टही आली. १९४६ला व्हीलरांनी हडप्प्याला मोठा तट शोधून काढला. मोहेंजोदडोला १९२०च्या दशकापासून मानवी सांगाडे सापडलेले होतेच, गल्लीत, जिन्यावर, अस्ताव्यस्त पडलेले. तट आहे, सांगाडे आहेत. मग आक्रमक हवाच. ऋग्वेदात इंद्राला पुरंदर, म्हणजे शत्रूंची पुरं फोडणारा, म्हटलं आहे. व्हीलरांनी त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आर्यांनी येऊन सिंधू संस्कृतीची शहरं फोडली, हे चित्र आपल्याकडच्या शाळेतल्या पुस्तकांतही उतरलं. १९६४ साली पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी या कथेतली हवाच काढून घेतली. सांगाडे एका थरातले नव्हते, त्यामुळे ते एका दिवसाचे मृतदेह असू शकत नव्हते. कत्तलीबरोबर यायला हवी ती मोडलेली शस्त्रं, जळालेला बालेकिल्ला, यातलं काहीच तिथे नव्हतं. पुढे हाडांची तपासणी झाली, तर बहुतेकांवर जीवघेण्या जखमाच निघाल्या नाहीत.

दोन देश, दोन काळ, पण कथानक एकच. तट दिसला की वेढा दिसतो, हाडं दिसली की कत्तल दिसते. सैनिक माणसाने माती वाचली तर त्याला लढाई दिसणारच, असं म्हणून हा विषय सोडून देता येईल, पण ते व्हीलरांवर अन्याय करणारं होईल. वाचता येतील इतके स्वच्छ थर आधी त्यांनीच उघडले होते. त्यांचं वाचन चुकलं हेही त्यांच्याच नोंदींवरून सिद्ध करता आलं.

सांकलियांच्या हाताखाली तयार झालेल्या पुढच्या पिढीचं काम याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी तिथे ताम्रपाषाणयुगातली वस्ती खोदली. तिचा काळ साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७००. तिथेही दगडमातीचा बांध निघाला. पण शेजारीच पाण्याचा खोदलेला पाट होता, म्हणून बांधाचा विचार आधी पुराच्या आणि शेतीच्या पाण्याच्या अंगाने झाला. तिथेही हाडं निघाली, आणि ती पाहून अंगावर काटा यावा अशी. घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते. एकदोघांचे असते तर कुणाला शिक्षा किंवा शत्रूचं क्रौर्य सुचलं असतं. पण हा रिवाजच दिसत होता. मेलेल्याने उठून चालू लागू नये, घर सोडून जाऊ नये, अशा समजुतीने तसं करत असावेत, असा अर्थ लावला गेला. एका मोठ्या, पाच खोल्यांच्या घरात चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेल्या माणसाचे पाय मात्र शाबूत होते. ते घर गावच्या प्रमुखाचं असावं.

आता पुन्हा डॉर्सेट. १९८५-८६मध्ये नायल शार्पल्स यांनी मेडन कॅसलवर मर्यादित उत्खनन केलं. ते करण्याचं कारण अगदी व्यावहारिक होतं. येणाऱ्यांच्या पावलांनी तट झिजत होता आणि त्याची देखभाल ठरवायची तर आत काय आहे ते कळायला हवं होतं. त्यातून व्हीलरांच्या लढाईचा एकेक खांब डळमळू लागला. किल्ल्यातली वस्ती रोमनांच्या आधीच पातळ होत गेली होती. पूर्व दरवाजाबाहेरचा कोळसा जळलेल्या झोपड्यांचा नव्हता. तिथे लोखंड घडवण्याचं मोठं काम चाले, त्याच्या भट्ट्यांचा होता. दफनं घाईची नव्हती. ती रीतसर स्मशानभूमी होती आणि मृतांसोबत भांडी ठेवणं हा ड्युरोट्रिजेस या तिथल्या लोकांचा नेहमीचाच शिरस्ता होता. काहींच्या हाडांवर जुन्या, भरून आलेल्या जखमाही होत्या. मणक्यातलं ते सुप्रसिद्ध टोक रोमन यंत्राचा बाण नसून साध्या भाल्याचं असावं, असंही काही अभ्यासक म्हणतात.

शेवटचा धक्का २०२५मध्ये बसला. बोर्नमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या सांगाड्यांचे नव्याने रेडिओकार्बन काळ काढले. मरणं एका दिवसाची नाहीत, एका वर्षाचीही नाहीत. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या शेवटापासून पुढच्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, काही पिढ्यांमध्ये विखुरलेली आहेत. म्हणजे बरीचशी रोमन येण्याआधीची. एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. हिंसा खोटी ठरलेली नाही. कवट्यांवरचे वार खरेच आहेत. फक्त मारणारे बाहेरचे नसून बहुधा शेजारचे, भाऊबंदांतलेच असावेत. परक्या साम्राज्याशी झुंजलेल्या शूरांची कथा हातची गेली आणि तिच्या जागी सत्तेसाठी आपसांत कापाकापी करणाऱ्या समाजाची कथा आली. ही दुसरी कुठल्याही देशाला आपल्या पाठ्यपुस्तकात घालायला तितकीशी आवडत नाही.

व्हीलरांची आणखी एक गोष्ट अशीच कोसळली होती. त्या ५४६ मीटर लांब उंचवट्यात त्यांना तुकडे तुकडे केलेला एक माणूस सापडला. त्यांना तो नवाश्मयुगातला वाटला, आणि त्याला कापून खाल्लं असावं असंही वाटलं. १९७१मध्ये काळमापन झालं, तेव्हा तो अँग्लो-सॅक्सन काळातला निघाला, म्हणजे चारेक हजार वर्षांनी अलीकडचा. जुन्या उंचवट्यात नंतर कुणीतरी खड्डा खणून त्याला टाकलं होतं. व्हीलर खोदत होते तेव्हा रेडिओकार्बनचं तंत्रच अस्तित्वात नव्हतं. ते १९४०च्या दशकाच्या शेवटी विलर्ड लिबी यांनी आणलं. पण हाडं जपून ठेवली होती आणि कुठे, कोणत्या थरात सापडली याची नोंद होती. म्हणून पुढे प्रश्न नव्याने विचारता आला.

हाडांसारखीच जमीनही जपावी लागते, हे कळायला ब्रिटनमध्येही वेळ लागला. १८७०च्या दशकात विल्टशरमधल्या एव्हबरीच्या अश्मवर्तुळात घरांसाठी भूखंड विकायला निघाले, तेव्हा बँकर आणि खासदार जॉन लबक यांनी ती जमीन स्वतःच विकत घेतली. मग त्यांनी संसदेत कायद्यासाठी वर्षानुवर्षं तगादा लावला. मोठ्या जमीनदारांना आपल्या शेतातल्या टेकाडांवर सरकारने बोलावं हे मान्य नव्हतं. शेवटी १८८२मध्ये जो कायदा झाला, त्यात ब्रिटन आणि आयर्लंड मिळून अवघी ६८ स्मारकं होती आणि मालकाच्या मर्जीशिवाय काहीच करता येत नव्हतं. पहिले निरीक्षक नेमले गेले ते पुरातत्त्वज्ञ पिट-रिव्हर्स, जे दोन वर्षांनी लबक यांचे सासरे झाले. आपल्याकडे कर्झनच्या काळात, १९०४ साली, प्राचीन स्मारकांचा कायदा आला, तो याच वाटेने पुढे जाऊन.

लबक यांच्या कायद्याच्याच सुमाराला, १८८५मध्ये, कादंबरीकार टॉमस हार्डी यांनी मेडन कॅसलवर एक कथा लिहिली. तिच्यातला पुरातत्त्वप्रेमी गृहस्थ परवानगी नसताना वादळी रात्री कंदील घेऊन किल्ल्यावर खोदायला जातो. हार्डी डॉर्चेस्टरचेच, अशा हौशी खोदणाऱ्यांना ते ओळखून होते. गंमत म्हणजे हार्डींनी स्वतःसाठी बांधलेलं मॅक्स गेट हे घर दुसऱ्या एका नवाश्मयुगीन रिंगणाच्या निम्म्या भागावर उभं आहे. ते त्यांना कधीच कळलं नाही. १९८०च्या दशकात डॉर्चेस्टरचा वळणरस्ता काढताना ते उघडकीस आलं. फ्लॅगस्टोन्स हे त्याचं नाव. उरलेला निम्मा भाग रस्त्याने खाल्ला. त्याचा नवा काळ, इसवी सनापूर्वी ३२००च्या आसपासचा, २०२५मध्ये जाहीर झाला. पण त्यासाठी हाताशी होतं ते फक्त रस्त्याआधीच्या घाईच्या उत्खननात मिळालेलं.

मेडन कॅसलच्या वाट्याला असं नष्ट होणं आलं नाही. आज किल्ल्याची देखभाल इंग्लिश हेरिटेज करतं. जाण्यायेण्याला तिकीट नाही, पण नियम कडक आहेत. १९७९च्या कायद्याने संरक्षित स्मारकावर परवानगीविना धातुशोधक यंत्र फिरवणं हाही गुन्हा आहे, मग नाणं सापडो वा न सापडो. आतलं गवत राखायला मेंढ्या ठेवल्या आहेत. त्या चरतात म्हणून झुडपं माजत नाहीत आणि त्यांची मुळं थरांत शिरत नाहीत. पाऊलवाट एकाच जागी खचू लागली, की ती बंद करून तटाची डागडुजी करावी लागते.

व्हीलर आणि शार्पल्स या दोघांनी मिळून खोदलेला भाग एकूण क्षेत्राच्या मानाने अगदी थोडा आहे. १९८५मध्ये जमीन न उकरता चुंबकीय मोजणी केली, तेव्हा उरलेल्या मैदानाखाली घरांच्या गोलाकार खुणा आणि पेवांची दाटी दिसली. मैदानाच्या पूर्वेकडच्या भागात चौथ्या शतकातल्या एका छोट्या रोमन मंदिराचा पाया आहे. किल्ला ओस पडल्यावर तीन शतकांनी तिथे कुणाला देव का बसवावासा वाटला, हेही अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. आता तिथे कुदळ मारायची तर सरकारची लेखी संमती लागते. आणि ती मागताना, जमिनीवरून किंवा संग्रहालयातल्या पेट्यांमधून हे उत्तर मिळणं का शक्य नाही, हे आधी पटवून द्यावं लागतं.